कोरियातील तिखटमिठाची धिरडी आणि परकीयांची मते : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कोरियन आहारात 'जोन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तव्यावरील तिखटमिठाच्या पदार्थांना दैनंदिन जेवण, पावसाळी दिवसांतील खाणे आणि पितरांचे विधी अशा तिन्ही ठिकाणी स्थान आहे. या पदार्थांविषयी परकीयांनी वेळोवेळी दिलेली किंवा न दिलेली मते हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. बाराव्या शतकातील चिनी दूत, सतराव्या शतकातील डच कैदी, एकोणिसाव्या शतकाअखेरचे पाश्चात्त्य प्रवासी, वसाहतकाळातील व नंतरचा जपान, अमेरिकी अन्नसाहाय्य, आधुनिक पर्यटन आणि विवाहानिमित्त कोरियात आलेल्या परदेशी स्त्रिया या क्रमाने साधनांचा विचार केला आहे. परकीयाचे मत पदार्थाच्या चवीपेक्षा त्या परकीयाला मिळालेल्या जागेवर अधिक अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसून येते.

१. प्रस्तावना

अन्नाच्या इतिहासाची साधने मुळातच विरळ असतात. रोज शिजणारा पदार्थ लिहून ठेवावा असे घरच्या माणसाला सहसा वाटत नाही. त्यामुळे अनेक देशांच्या आहाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक परकीय प्रवाशांच्या वर्णनांकडे वळतात. परका माणूस सर्व काही नव्याने पाहतो, म्हणून तो अधिक टिपतो, अशी त्यामागील धारणा आहे. ही धारणा कितपत ग्राह्य धरावी, हा इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. एखाद्या पदार्थाविषयी परकीय काय म्हणतात, हे समजून घेण्यापूर्वी तो पदार्थ त्यांच्यासमोर कोणी, कोठे आणि कोणत्या नात्याने ठेवला, हे तपासणे आवश्यक ठरते.

कोरियातील धिरडी या तपासणीसाठी उपयुक्त आहेत. किमची हा पदार्थ जगभर 'कोरियन' म्हणून ओळखला गेला. त्याच्याविषयी अनुकूल-प्रतिकूल मतांचा साठा मोठा आहे. धिरड्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. ती चवीला सौम्य, दिसायला ओळखीची आणि खायला सोपी असल्याने प्रत्येक परकीयाला ती आपल्याच एखाद्या पदार्थासारखी वाटली. चटकन ओळख पटल्यामुळेच त्यांचे वेगळेपण मात्र दीर्घकाळ नोंदले गेले नाही.

२. पदार्थाचे स्वरूप आणि नावांचा इतिहास

'जोन' या एका नावाखाली दोन निराळ्या कृती येतात. पहिल्या प्रकारात पिठाच्या सरबरीत भिजवणीत भाज्या, किमची किंवा समुद्री जिन्नस मिसळून ते मिश्रण तव्यावर पसरतात. यालाच सर्वसाधारणपणे 'बुछिमगे' म्हणतात. कांद्याच्या पातीचे 'पाजोन' आणि किमचीचे 'किमचीजोन' ही याची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात मासा, मांस किंवा कोवळ्या भोपळ्याची चकती अखंड ठेवतात. ती कोरड्या पिठात घोळवून, फेटलेल्या अंड्यात बुडवून मंद आचेवर परततात. राजवाड्यातील व विधींच्या मेजावरील जोन बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असत.

मराठी स्वयंपाकघरात या दोन कृतींना मुळातच वेगवेगळी नावे आहेत. पहिली कृती धिरड्याची, तर दुसरी वांग्याच्या किंवा सुरणाच्या कापांची. धिरडे आणि काप यांत मराठी माणूस गल्लत करीत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना पुष्कळदा 'पॅनकेक' या एकाच शब्दात बसवले गेले. त्याचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

प्रदेशानुसार या पदार्थांत बराच फरक आढळतो. डोंगराळ गांगवोन प्रांतात बकव्हीट आणि बटाटा, ग्योंगसांग प्रांतात कोबीची अखंड पाने, तर उत्तरेकडील प्योंगान प्रांतात मूग वापरतात. बुसान शहरातील डोंगने भागाचे पाजोन तांदळाचे पीठ, समुद्री जिन्नस आणि अंडे घालून केलेले, मऊ व ओलसर असते. मुगाच्या धिरड्याला 'बिंदेत्तोक' म्हणतात. साल काढलेले मूग भिजवून वाटतात आणि त्यात मोड आलेले मूग, नेच्याचे कोवळे कोंब व डुकराचे मांस घालतात. मांस वगळल्यास आंध्रातील पेसरट्टूशी त्याचे नाते सहज जाणवते.

बिंदेत्तोकचे नाव परकीय संपर्काची साक्ष देते. १६७७ मध्ये छापल्या गेलेल्या 'बाक तोंगसा ओन्हे' या चिनी भाषा शिकविणाऱ्या ग्रंथातील एका चिनी खाद्यनामाशी अभ्यासक या शब्दाचा संबंध जोडतात. लोकव्युत्पत्ती मात्र वेगळी आहे. तिच्यानुसार हा 'गरिबांचा' पदार्थ. दुसऱ्या एका मतानुसार 'पाहुण्यांच्या सत्काराचा'. एकाच पदार्थाला गरिबांचा आणि पाहुण्यांचा असे दोन्ही म्हटले जाणे अर्थपूर्ण आहे. सुमारे १६७० मध्ये जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने हांगुल लिपीत लिहिलेल्या 'उमसिक दिमिबांग' या पाकग्रंथात मुगाच्या धिरड्याची कृती आढळते. त्यात मध घातलेले पुरण भरलेले आहे. १८०९ च्या 'ग्युहाप छोंगसो' या ग्रंथातील कृतीही गोडाकडे झुकणारी आहे. म्हणजे आज तिखटमिठाचा मानला जाणारा हा पदार्थ एके काळी उच्चकुलीन घरांत मिष्टान्नाच्या रूपात होता. परकीयांनी आणि कोरियनांनीही 'परंपरागत' म्हणून ओळखलेले त्याचे रूप तुलनेने अलीकडचे आहे.

३. दूत आणि कैदी

कोरियातील पिठाविषयीचा एक जुना परकीय उल्लेख चिनी आहे. सोंग सम्राटाच्या दूतमंडळाबरोबर श्यू जिंग हा अधिकारी ११२३ मध्ये गोर्यो राज्याच्या राजधानीत आला. त्याने सादर केलेल्या सचित्र वृत्तांतात या देशात गहू थोडा पिकतो, तो चीनमधून व्यापाऱ्यांमार्फत येतो, त्यामुळे कणीक महाग असून मोठ्या समारंभांखेरीज वापरली जात नाही, असे नमूद केले आहे. या नोंदीत धिरड्यांचा उल्लेख नाही. तथापि तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गव्हाच्या पिठाची धिरडी हा कोरियाचा सार्वत्रिक आणि स्वस्त आहार त्या काळी असू शकत नव्हता. मूग आणि बकव्हीट यांना या पदार्थांत जे स्थान मिळाले, त्याचे एक कारण या टंचाईत शोधता येते.

दुसरा साक्षीदार सर्वस्वी वेगळ्या स्थितीतील आहे. हेंड्रिक हामेल हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६५३ मध्ये जहाज फुटून जेजू बेटावर आला. त्याला व त्याच्या सोबत्यांना देश सोडण्याची मुभा नव्हती. तेरा वर्षांनंतर, १६६६ मध्ये, तो काही सोबत्यांसह जपानला निसटला. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात अन्नाचा विषय येतो तो शिध्याच्या, टंचाईच्या आणि दुष्काळाच्या संदर्भात. पदार्थांची चव वर्णिण्याची सवड कैद्याला नसते. ज्या दशकात हामेल कोरियातून निसटला, त्याच्या अखेरीस जांग ग्ये-ह्यांग आपला पाकग्रंथ लिहीत होती. दोघांचा देश एक, काळ जवळपास एक; परंतु एकाच्या लेखणीत शिधा आहे आणि दुसरीच्या लेखणीत मध घातलेले पुरण. केवळ परकीय साधनावर विसंबून त्या काळच्या कोरियन आहाराचे चित्र रेखाटले तर ते किती अपुरे राहील, हे या तुलनेवरून लक्षात येते.

४. पाहुणे : १८८४ ते १९०५

१८७६ मध्ये जपानशी आणि १८८२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या तहांनंतर कोरियात परकीयांची ये-जा वाढली. त्यांच्या लेखनात दोन प्रवृत्ती दिसतात. पहिली ठोकळेबाज निष्कर्षांची. फ्रेंच धर्मप्रसारकांच्या पत्रांच्या आधारे कोरियाविषयी १८७४ मध्ये ग्रंथ लिहिणारे शार्ल दाले स्वतः कोरियात गेले नव्हते; तरी कोरियन लोक फार खातात, हे मत त्यांनी ठामपणे मांडले. १८९४ ते १८९७ या काळात चार वेळा कोरियात गेलेल्या इझाबेला बर्ड बिशप यांनीही खाण्याच्या प्रमाणावर असाच शेरा मारला. या लेखकांचे लक्ष किती खाल्ले जाते याकडे अधिक आणि काय खाल्ले जाते याकडे कमी होते. 'अतिखादाड' ही त्या काळच्या पाश्चात्त्य प्रवासवर्णनांतील पौर्वात्य माणसाची एक ठरीव प्रतिमा होती. तिच्या छायेत निरनिराळे पदार्थ झाकले गेले.

दुसरी प्रवृत्ती बारकाईने टिपण्याची. पण ती विरळ आहे. अमेरिकी नौदल अधिकारी जॉर्ज क्लेटन फौल्क यांना कोरियन भाषा येत होती. १८८४ च्या शरद ऋतूत त्यांनी देशाच्या दक्षिण भागात प्रवास केला. जोनजू येथे प्रांताधिकाऱ्याच्या आतिथ्यात समोर आलेल्या मेजाची आकृती काढून त्यांनी पदार्थांची नोंद केली. भाषा जाणणाऱ्या परकीयाला ताटातील पदार्थ नावानिशी दिसतात, इतरांना त्यांचा केवळ ढीग दिसतो, असे या नोंदीवरून म्हणता येईल.

या कालखंडातील सर्वांत बोलके साधन मात्र एक भोजनपत्रिका आहे. परकीय पाहुण्यांना राजवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचे जेवण देण्याचा प्रघात सम्राट गोजोंग यांच्या दरबारात पडला होता. सप्टेंबर १९०५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांची कन्या अ‍ॅलिस रूझवेल्ट सोलला आली, तेव्हा मात्र तिच्या सन्मानार्थ दिलेल्या भोजनात कोरियन पदार्थ ठेवण्यात आले. त्या दिवशीच्या पत्रिकेत 'जोनयुओ', म्हणजे पीठ व अंड्यात घोळवून परतलेले काप, समाविष्ट आहेत. ज्या पदार्थाला बाजारात गरिबांचा म्हटले जाई, त्याच्याच कुळातील राजस रूप एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रतिनिधीसमोर आले होते.

या भोजनामागील हेतू केवळ पाहुणचाराचा नव्हता. अमेरिका जपानला आवरील, अशी आशा कोरियन दरबार बाळगून होता. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात टोकियो येथे अमेरिकेचे युद्धमंत्री टाफ्ट आणि जपानचे पंतप्रधान कात्सुरा यांच्यात झालेल्या संभाषणात कोरियावरील जपानच्या वर्चस्वाला संमती दर्शविली गेली होती. नोव्हेंबर १९०५ मध्ये कोरिया जपानचे संरक्षित राज्य बनले. परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार गेल्यानंतर आपल्या पदार्थाची ओळख आपल्या शब्दांत करून देण्याची संधीही त्या दरबाराकडे उरली नाही. परकीय पाहुणीच्या मतावर एका राज्याने इतकी भिस्त ठेवावी आणि ते मत विचारात घेण्याजोगी परिस्थितीच शिल्लक नसावी, ही या प्रसंगातील शोकांतिका होय.

५. शेजारी : जपानमधील 'चिजिमी'

१९१० ते १९४५ या वसाहतकाळात मोठ्या संख्येने कोरियन लोक कामासाठी, आणि युद्धकाळात सक्तीनेही, जपानला नेले गेले. १९४५ मध्ये त्यांची संख्या सुमारे वीस लाख होती. त्यांपैकी सहा लाखांच्या आसपास लोक तेथेच राहिले. ग्योंगसांग प्रांतातील लोकांचे प्रमाण त्यांत मोठे होते. त्या प्रांताच्या बोलीत धिरड्याला 'जिजिमी' म्हणतात. जपानी भाषेत याच शब्दाचे 'चिजिमी' झाले आणि कोरियन धिरड्यांचे तेच सर्वसाधारण नाव ठरले. सोलच्या प्रमाण भाषेतील 'जोन' किंवा 'बुछिमगे' हे शब्द तेथे रुजले नाहीत. कोणत्या कोरियनांनी समुद्र ओलांडला, याची नोंद अशा रीतीने एका खाद्यनामात टिकून राहिली.

जपानी माणसाने या पदार्थाची तुलना ओसाकाच्या ओकोनोमियाकीशी केली. ओकोनोमियाकी जाड, कोबीने भरलेली आणि वरून दाट गोडसर रस्सा माखलेली असते. चिजिमी पातळ असून सोया व व्हिनेगरच्या मिश्रणात बुडवून खातात. तुलना गैर नाही. परंतु तुलनेचे माप कोणाचे, हा प्रश्न उरतो. वसाहतकाळात आणि त्यानंतरही जपानमधील कोरियन वस्त्यांचे खाणे हलके लेखले जात असे. लसणाचा वास हे तर अवहेलनेचे निमित्त होते. २००२ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्तपणे भरविलेली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आणि २००३-०४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर गाजलेली 'विंटर सोनाटा' ही मालिका यांनंतर कोरियन संस्कृतीविषयी जपानमध्ये आकर्षण वाढले. तयार पिठाच्या पाकिटांतून चिजिमी सामान्य जपानी घरांत पोहोचली. या काळात भिजवण तीच राहिली; बदल झाला तो ती करणाऱ्या लोकांकडे पाहण्याच्या दृष्टीत.

६. दाते : परकीय पीठ आणि देशी धिरडे

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धाने या पदार्थाचा भूगोल बदलला. उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी सोलच्या बाजारांत मुगाची धिरडी विकून उपजीविका केली. १९०५ मध्ये स्थापन झालेला ग्वांगजांग बाजार आज ज्या बिंदेत्तोकसाठी परदेशी पर्यटकांना ठाऊक आहे, त्यामागे विस्थापितांच्या श्रमाचा हा इतिहास आहे.

युद्धानंतर अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखाली गहू मोठ्या प्रमाणावर कोरियात येऊ लागला. हा कायदा १९५४ चा. भारतातही तो 'पी. एल. ४८०' या नावाने परिचित आहे. तांदळाची बचत व्हावी म्हणून कोरियन शासनाने १९६० व १९७० च्या दशकांत मिश्र धान्य आणि पिठाचे पदार्थ खाण्याची मोहीम राबविली. उपाहारगृहांतील भाताच्या विक्रीवर निर्बंध आले. शाळकरी मुलांचे डबेही तपासले गेले. श्यू जिंगच्या काळी समारंभापुरती असलेली कणीक आता सर्वांत स्वस्त जिन्नस बनली. गव्हाच्या पिठाचे पाजोन आणि किमचीजोन घरोघरी होऊ लागण्यास ही परिस्थिती कारणीभूत ठरली. पावसाच्या दिवशी धिरडी आणि माक्कोल्ली हे पेय घेण्याची प्रथा आज अस्सल कोरियन मानली जाते. तव्यावरील चुरचुर पावसाच्या आवाजासारखी वाटते, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. त्या चुरचुरीमागे परदेशी गव्हाचा वाटा आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. ज्या परकीयांनी या पदार्थाविषयी मत दिले नाही, त्यांच्याच पिठाने त्याला आजचे रूप दिले.

या युद्धाशी भारताचा आणि एका मराठी सेनानीचाही संबंध आहे. युद्धबंदीनंतर स्वदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३-५४ मध्ये भारतीय अभिरक्षक सेना कोरियात गेली. तिचे नेतृत्व कोल्हापूर परिसरातील मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास विरोध केला. परिणामी त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. मुगाचे धिरडे ज्यांच्या घरी नित्याचे, असे सैनिक या सेनेत निश्चितच होते. परंतु सोलच्या बाजारात मुगाचे धिरडे विकणाऱ्या निर्वासित बाईपर्यंत त्यांना पोहोचता येणार नव्हते. मताचा अभाव हा येथे अनास्थेचा पुरावा ठरत नाही. तो राजकीय अंतराचा पुरावा आहे.

७. ग्राहक : भाषांतराचा प्रश्न

१९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर कोरियन कुटुंबे अमेरिकेत स्थायिक होऊ लागली आणि त्यांच्या उपाहारगृहांतून धिरडी इंग्रजी भाषकांसमोर आली. तेथे तिला 'पॅनकेक' म्हटले गेले. अमेरिकी माणसाच्या मनात हा शब्द न्याहारी, गोडवा आणि पाक यांच्याशी जोडलेला असतो. म्हणून त्यामागे 'तिखटमिठाचे' असे विशेषण लावणे भाग पडले. कधी 'कोरियन पिझ्झा' अशीही ओळख दिली गेली. परकीयांच्या पहिल्या प्रतिक्रियेत जे आश्चर्य आढळते, ते बहुधा पदार्थामुळे नसून या नावाने निर्माण केलेल्या अपेक्षेमुळे असते. त्याचप्रमाणे कुरकुरीत कडा हा ज्यांनी गुण मानला, त्यांना डोंगनेचे मऊ पाजोन कच्चे वाटण्याचा संभव असतो. डोंगनेच्या दृष्टीने तो मऊपणाच कसबाची खूण आहे.

२००९ च्या सुमारास कोरियन शासनाने आपल्या आहाराच्या जागतिक प्रसाराची मोहीम हाती घेतली. २०१४ मध्ये राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने दोनशे पदार्थांच्या नावांची इंग्रजी, चिनी व जपानी भाषांतरे निश्चित केली. बिंदेत्तोक आणि पाजोन यांच्यासाठी 'पॅनकेक' हाच शब्द अधिकृत झाला. परकीयांच्या सोयीसाठी स्वीकारलेले नाव अशा रीतीने स्वतः कोरियाने मान्य केले. याचा एक परिणाम कोशांत दिसतो. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात २६ कोरियन मूळ असलेल्या शब्दांची भर पडली. बुलगोगी, जापछे, किमबाप हे खाद्यशब्द त्यांत होते, 'जोन' नव्हता. ज्या पदार्थाचे भाषांतर सोपे वाटते, त्याचे मूळ नाव परक्या भाषेत शिरण्याची गरजच उरत नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. रांजणगाव-पुणे पट्ट्यात कोरियन उद्योग आल्यानंतर कोरियन भोजनगृहे तेथे परिचित झाली. पाजोनला 'कोरियन धिरडे' म्हणणे स्वाभाविक आहे आणि वर दाखविल्याप्रमाणे धिरडे-काप हा मराठी भेद इंग्रजीपेक्षा अधिक नेमकाही आहे. तरी भिजवणीतील अंडे, मासळी किंवा डुकराचे मांस या शब्दात दिसत नाही. ओळखीचे नाव जितके जवळचे, तितका न दिसणारा फरक मोठा, हे येथेही खरे ठरते. शाकाहारी पाहुण्याच्या दृष्टीने तर हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

८. सुना : तव्याजवळचे परकीय

आतापर्यंत पाहिलेले सर्व परकीय खाणारे किंवा पुरवणारे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोरियात परकीयांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स इत्यादी देशांतून विवाह करून आलेल्या स्त्रिया विशेषतः ग्रामीण भागातील कुटुंबांत नांदू लागल्या. २००५ मध्ये कोरियात नोंदल्या गेलेल्या दर दहा विवाहांपैकी एकाहून अधिक विवाह आंतरराष्ट्रीय होते. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. त्यानुसार चालणाऱ्या केंद्रांत भाषेबरोबर कोरियन स्वयंपाकही शिकविला जातो.

या स्त्रियांना जोन भेटतो तो छुसोक आणि सोल्लाल या सणांच्या आदल्या दिवशी. पितरांच्या मेजासाठी मासा, भोपळा, मांस यांचे काप तासन् तास परतण्याचे काम परंपरेने घरातील सुनांकडे असते. व्हिएतनामी सुनेला तव्यावरील हा आवाज अनोळखी नसतो; तिच्या देशातील 'बान्ह सेओ' या तांदळाच्या धिरड्याचे नाव त्याच आवाजावरून पडले आहे. परंतु तिच्या मताला सणाच्या घरात कितपत वाव असतो, हा प्रश्न आहे. प्रवाशाचे मत ग्रंथात जाते, पर्यटकाचे मत विक्री वाढवते. सुनेचे मत मात्र तिच्या 'जुळवून घेण्याचे' प्रमाण म्हणून पाहिले जाते. तिला पदार्थ आवडला तर ती रुळली, आवडला नाही तर ती परकीच राहिली, असा निष्कर्ष काढला जातो.

कोरियन स्त्रियांचीही या कामाविषयीची तक्रार जुनी आहे. सणाच्या काळातील थकवा व ताण यांना तेथे स्वतंत्र नाव मिळाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कन्फ्यूशियन परंपरेची अधिकारी संस्था असलेल्या संगग्युनग्वानने सणाच्या विधीसाठी तेलात परतलेले पदार्थ ठेवणे आवश्यक नसल्याचे जाहीर केले. सतराव्या शतकातील विधिशास्त्रज्ञ किम जांग-सेंग यांच्या ग्रंथाचा त्यासाठी आधार देण्यात आला. म्हणजे ज्या कसोटीवर परकीय सुनेची पारख होत होती, ती कसोटीच शास्त्राने अनिवार्य मानलेली नव्हती. या घोषणेने सर्व घरांतील प्रथा एकाएकी बदलली असे मानण्याचे कारण नाही. परंतु परंपरेच्या नावाने चालणारे ओझे कोणाच्या सोयीने ठरते, हा प्रश्न तिने उघडपणे पुढे आणला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, परकीयांच्या मतांतून पदार्थाच्या चवीपेक्षा मत देणाऱ्याची स्थिती अधिक स्पष्ट होते. दूताने भाव पाहिला, कैद्याने शिधा मोजला, प्रवाशाने प्रमाणावर शेरा मारला, शेजाऱ्याने आपल्या पदार्थाशी तुलना केली आणि ग्राहकाने आपल्या शब्दात त्याचे नाव ठेवले. दुसरा, परकीयांचे मौन हेही साधन मानले पाहिजे. १९०५ च्या भोजनपत्रिकेतील नोंद आणि १९५३ मधील भारतीय सैनिकांचे अंतर ही त्याची उदाहरणे होत. तिसरा, ज्याला आज शुद्ध देशी म्हटले जाते, त्यात परकीय शब्द, परकीय पीठ आणि विस्थापितांचे श्रम मिसळलेले असतात. पुरण भरलेल्या बिंदेत्तोकपासून किमचीजोनपर्यंतचा प्रवास हेच दर्शवितो.

अन्नाच्या इतिहासाचे अध्यापन व संशोधन करताना प्रवासवर्णनांतील मते सर्वसाधारण साक्ष म्हणून उद्धृत करण्याची पद्धत रूढ आहे. लिहिणारा मेजाच्या कोणत्या बाजूला बसला होता, ही पृच्छा त्या साक्षीला जोडणे अगत्याचे आहे. विवाह करून आलेल्या परदेशी स्त्रियांनी स्वतःच्या भाषेत सांगितलेले अनुभव संग्रहित झाल्यास या विषयाला आजवर नसलेली बाजू लाभेल. जोनविषयी सर्वांत जास्त जाणणारे परकीय आज तव्याजवळ उभे आहेत. त्यांचे म्हणणे नोंदविल्याखेरीज कोरियन धिरड्याविषयीच्या परकीय मतांचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.